दोन दांड्यांमधली जागा

शालिग्राम झोप्यांना नीट दिसत नाही, हे मंजुळाबाईंना दिवाळीपासून ठाऊक होतं. आणि त्यांना ते ठाऊक आहे, हे शालिग्राम झोप्यांना ठाऊक नव्हतं. निदान मंजुळाबाईंची तशी समजूत होती.

दिसत नाही म्हणजे अगदीच अंधार नव्हे. दार कुठे, भिंत कुठे, समोर माणूस आला की म्हैस आली, एवढं नानांना कळायचं. (त्यांना सगळं केंद्र नानाच म्हणायचं, म्हणून आपणही नानाच म्हणू.) पण पेपर हातात घेतला की मथळे वाचून झाले म्हणून लगेच खाली ठेवायचे, आणि पूर्वी जो माणूस शेवटच्या पानावरच्या जाहिरातीसुद्धा सोडत नसे, तो म्हणायचा, "आजकाल पेपरात राहिलंच काय!" दिवाळीला धुळ्याच्या आग्रा रोडवर चंपालालशेठच्या दुकानातून नानांनी स्वतः निवडून साडी आणली. घडी उलगडून म्हणाले, "घे, लालभडक पाहिजे व्हती ना तुले?" साडी तपकिरी होती. चांगली वाळल्या तंबाखूच्या रंगाची. मंजुळाबाईंनी क्षणभर नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, तिथे थट्टा नव्हती, नुसतं कौतुक होतं. त्या म्हणाल्या, "अवं माय, किती झाक लाल आहे!" आणि पाडव्याला तीच नेसल्या. शेजारणीनं विचारलं तर सांगितलं, मलाच हा रंग आवडतो.

आता हे केंद्र म्हणजे काय, ते सांगायला हवं. धुळ्याहून पारोळ्याकडे निघालं की गावाबाहेर एक उघडी-बोडकी टेकडी लागते. तिच्यावर सरकारच्या वायरलेस खात्याचा साठ फुटी लोखंडी मनोरा, मनोऱ्याच्या पायाशी पत्र्याची खोली, खोलीत वायरलेसचं यंत्र आणि ते चालवायला नाना. टेकडीच्या खाली चार क्वार्टर्स. मनोऱ्यावर एकावर एक अशा चार दांड्या बसवलेल्या, अॅल्युमिनियमच्या, वाकवून बंद केलेल्या, पुरुषभर उंचीच्या. खालच्या दोघींची एक जोडी, वरच्या दोघींची दुसरी. हे सगळं मिळून एरियल. त्यातून निघालेलं बोलणं शिरपूरला जायचं आणि शिरपूरच्याही पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याला, सावरपाडा नावाच्या गावच्या दवाखान्यात पोचायचं. दवाखाना कसला, एक नर्सबाई, पुष्पाबाई, दोन खाटा आणि एक वायरलेसचा सेट. बाई अडली की पुष्पाबाईंनी धुळ्याला सांगायचं, धुळ्यानं शिरपूरच्या इस्पितळाला सांगायचं, की गाडी निघालीच. अशा किती बाया सुटल्या होत्या, ते पुष्पाबाईंनाच ठाऊक.

आणि एकाहत्तर सालच्या अश्विनापासून सावरपाडा मुकं झालं. शिरपूरला खरखरत का होईना आवाज जायचा. त्यापुढे काही नाही. आधी वाटलं तिकडची बॅटरी गेली. बॅटरी बदलली. मग सेट बदलला. मग खात्याच्या नाशिक कचेरीतून पत्र आलं, की सबनीस साहेब सोमवारी येतील, तपासणी करतील, आणि सावरपाडा पोचण्याजोगं नसेल तर तिथला सेट उचलून दुसरीकडे देतील.

नाना पत्र ऐकून (पत्र मंजुळाबाईंनीच वाचलं, "चष्मा सापडून नाही राहिला" म्हणून) भडकले.

"पोचण्याजोगं नाही म्हणजे? चार वर्षं पोचत व्हतं ते काय भूत पोचवत व्हतं? दोष आपल्याकडेच आहे, एरियलमध्ये आहे, अन् तो मी सोमवारच्या आत काढतो."

आता दोष काढायची साहेबांची रीत अशी की जीप घ्यायची, तीत यंत्र ठेवायचं, आणि दूरदूर जाऊन कुठे किती ऐकू येतं ते मोजत बसायचं. जीप दुरुस्तीला गेली होती. नानांची रीत वेगळी. फार वर्षांपूर्वी पुण्याला प्रशिक्षणात एका म्हाताऱ्या मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं, एरियलच्या अगदी जवळ जाऊन, वीत-वीत सरकत, कुठे किती जोर आहे आणि तो कोणत्या तालात आहे एवढं नीट मोज. मग दूर काय पोचतंय ते कागदावर काढता येतं, आणि आजारी कोण तेही कळतं. नानांच्या ते डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्यांनी मनोऱ्याच्या टोकाच्या आडव्या दांड्याला कप्पी होतीच, तिच्यातून दोर घेतला. दोराला फुटाफुटावर गाठी मारल्या, एक्केचाळीस; कडं वीस फुटांवर पोचलं की पहिली गाठ हातात. दोराला लाकडाची फळी बांधली, फळीवर बांगडीएवढं तांब्याचं कडं. कड्याची तार लोंबत खाली यायची आणि खुर्चीवर ठेवलेल्या मीटरला लागायची. दोर ओढला की कडं एरियलच्या समोरून, चार फुटांचं अंतर राखून, विहिरीतल्या बादलीसारखं वर वर जायचं. एकेका गाठीवर थांबायचं. सुई किती दाखवते ते लिहायचं. झालं.

एरवी हे काम मदतनीस करायचा, पण तो कार्तिकात बदलून जळगावला गेला होता आणि त्याच्या जागी खात्यानं कुणाला पाठवलंच नव्हतं.

"तू चल," नाना म्हणाले. "दोर मी ओढतो. गाठी बोटाले लागतात, त्याले डोळे कायले पाहिजेत? तू सुई वाच. चौथी शिकलेली आहे ना?"

"सुई मी वाचते, मग तुमी काय करणार?"

"मी मोजणार."

मंजुळाबाईंनी तोंड फिरवून डोळ्याला पदर लावला. किती शिताफीनं बाई या माणसानं आपल्या डोळ्यांची जागा मला दिली, आणि वर तोरा हा, की मदत आपणच करतोय!

शुक्रवारी सकाळी पहिली फेरी झाली. नाना दोर ओढायचे, गाठ हातात आली की म्हणायचे, "सहा?" त्या म्हणायच्या, "आठ." नाना पुटपुटत पुढे ओढायचे. कागदावर मंजुळाबाई लिहीत होत्या ते निव्वळ शोभेला. नानांना आकडे कानानं ऐकून डोक्यात ठेवायची तीस वर्षांची सवय. सहाव्या गाठीला, म्हणजे पहिल्या दांडीसमोर, आठ. सोळाव्याला, दुसरीसमोर, आठ. सव्विसाव्याला आठ. छत्तिसाव्याला आठ.

"चारी जिवंत आहेत," नाना म्हणाले, पण खूश दिसले नाहीत. "जिवंत आहेत तर मग भांडून राहिल्या असतील."

"कोण भांडून राहिलं?"

"दांड्या. समज चौघीजणी ओव्या म्हणताहेत. चौघींचा गळा ठणठणीत. पण दोघी वर चढतात तेव्हा नेमक्या दुसऱ्या दोघी खाली उतरतात. जवळ उभं राहून एकेकीचं ऐकलं तर वाटतं, वा! दूर उभं राहिलं तर एकीचं दुसरीत मरून जातं. दूरच्याले काही ऐकूच येत नाही. एखाद्या जोडीच्या दोन तारा उलट्या लागल्या की असं होतं."

"मग कळणार कसं?"

"साक्षीदार लावायचा."

जेवणं झाल्यावर त्यांनी दुसरं एक कडं सगळ्यात खालच्या दांडीजवळ पक्कं बांधलं. हा साक्षीदार. त्याची तार आणि फिरत्या कड्याची तार एकत्र जोडून मीटरला दिली. फिरतं कडं जिच्यासमोर आहे ती दांडी साक्षीदाराच्या तालात असेल, तर दोघांचं मिळून सुई वर चढेल. विरुद्ध असेल, तर सुई पडेल. "एकदोनवर आली की समजायचं, इथे तारा उलट्या," नाना म्हणाले, आणि हातावर थुंकून दोर धरला.

सहावी गाठ. नऊ. सोळावी गाठ. नऊ.

सव्विसावी गाठ आली आणि सुई बसकण मारल्यासारखी खाली आली. एकवर.

 मंजुळाबाईंना सगळं आठवलं, एकदम. पाऊस सरल्यावर अश्विनात मनोरा रंगवला होता आणि दांड्या काढून पुन्हा बसवल्या होत्या. खालच्या जोडीच्या तारा मदतनिसानं जोडल्या. वरच्या जोडीचा जोड-डबा पन्नास फुटांवर, तिथे नाना त्याला चढू देईनात. "ते माझं काम." स्वतः चढले, स्वतः जोडलं. तिथल्या दोन तारांवर दोन नळ्या असतात, एक लाल आणि एक तपकिरी.

लाल आणि तपकिरी!

"सव्विसावी," नानांचा आवाज शेजारूनच आला, पण फार लांबून आल्यासारखा वाटला. "किती?"

या माणसाची तीस वर्षांची नोकरी. नानांचा हात लागला की पुन्हा बघायचं नाही, असं नाशिकपर्यंत म्हणायचे. सहा महिन्यांवर निवृत्ती. आणि सोमवारी तो पोरसवदा साहेब येणार, त्याच्यासमोर कळणार की दोष केला तो नानांच्याच हातानं, आणि का केला तेही. घरातल्या घरात पेपर खाली ठेवून जे झाकत होते ते सगळं उघडं पडणार. मान खाली घालून उभे राहतील. ते बघवणार नव्हतं मंजुळाबाईंना.

"नऊ," मंजुळाबाई म्हणाल्या.

"नऊ?"

"हो, नऊ. चांगली नऊवर आहे."

छत्तिसाव्या गाठीलाही सुई एकवर होती. तिथेही त्यांनी नऊ सांगितलं. खोटं एकदा तोंडातून गेलं की दुसऱ्याला वाट सापडलेली असते.

नानांनी दोर खाली सोडला. दोराचं टोक हातातच ठेवून त्यांनी शेवटची गाठ दोनदा चाचपली. मग म्हणाले, "बरं." एवढंच. मंजुळाबाईंना वाटलं, सुटलो. साहेब येतील, काहीतरी बघतील, कुणी दुसरा चढेल, उलटंसुलटं करेल, होऊन जाईल. मोठ्या लोकांची यंत्रं, त्यांचं त्यांना बरोबर कळतं. असं त्या स्वतःला समजावत होत्या आणि पोळ्या करपवत होत्या. त्या रात्री नानांनी दोनदा पाणी मागितलं, म्हणजे झोप त्यांनाही नव्हती.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला क्वार्टरच्या दारात एक माणूस आला. पंचविशीचा, पायांत चपला नाहीत, खांद्यावर घोंगडी. नाव झुलाल. सावरपाड्याहून काल दुपारी पायी निघालेला, शिरपूरला मुक्काम करून पहिल्या एसटीनं धुळ्याला आलेला. हातात पुष्पाबाईंची चिठ्ठी.

"आक्का, नाना कोठे शेतस?" तो म्हणाला. "बाईनी धाडं माले. तो डबा कव्हय बोलई, ईचारी ये म्हने."

डबा म्हणजे वायरलेसचा सेट; तो कधी बोलेल, ते विचारायला तो आला होता. मंजुळाबाईंनी चिठ्ठी वाचून दाखवली. पुष्पाबाईंनी लिहिलं होतं, या आठ-पंधरा दिवसांत तीन बाळंतपणं आहेत, त्यात झुलालच्या बायकोचं अवघड दिसतं. ती अडली तर शिरपूरची गाडी बोलवावीच लागेल. सेट सुरू होणार असेल तर तसं सांगा. नसेल तर मी तिला आत्ताच बैलगाडीत घालून हलवते, पण रस्ता असा आहे की तेही धोक्याचं आहे.

"मनी घरवालीले नववा महिना शे," झुलाल म्हणाला. तो मंजुळाबाईंशी बोलत होता पण बघत होता जमिनीकडे. "पयलं पोर गाडीमाच गयं, आक्का. शिरपूर दिखे तव्हय गयं. तव्हय हाऊ डबा नव्हता. आते डबा शे तर बोलत नही. बठ्ठं गाव म्हनस, नाना कर्तीन. नाना कर्तीन ना?"

"बस," आतून नाना म्हणाले. "चहा घे. मग सांगतो."

मंजुळाबाई आत आल्या, चहाचं पाणी ठेवलं.  काल आपण कुणाची मान वाचवली आणि कुणाच्या मानेवर पाय दिला? एका बाईच्या. जिचं तोंडही आपण पाहिलं नाही. बैलगाडीत एक पोर गमावून जी पुन्हा नऊ महिने पोटाशी धरून बसली आहे, तिच्या. आणि सुटलो म्हणून आपण रात्री देवाला हात जोडले! त्यांना स्वतःची इतकी चीड आली की साखर डब्याबाहेर सांडली.

सांगायचं. आत्ता सांगायचं. त्या वळल्या तर नाना स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"मंजुळे," ते हळू आवाजात म्हणाले. "काल सकाळी, पहिल्या फेरीत, अकराव्या गाठीले तू काय सांगितलं?"

"मले नाही आठवत."

"मले आठवतं. चार. पहिल्या अन् दुसऱ्या दांडीच्या बरोबर मध्ये, चार. एकतिसाव्याले?"

मंजुळाबाई सांडलेली साखर गोळा करू लागल्या.

"चार. तिसऱ्या अन् चौथीच्या मध्ये. अन् एकविसाव्याले?"

मंजुळाबाईंनी साखरेचा डबा बाजूला सारला.

"शून्य," नाना म्हणाले. "दुसऱ्या अन् तिसऱ्या दांडीच्या बरोबर मध्ये, शून्य. दोघी एका तालात असत्या ना, तर मधल्या जागेत दोघींचं मिळून काहीतरी आलं असतं. इतर ठिकाणी आलं तसं चार आलं असतं. तिथे काहीच नाही, याचा अर्थ इकडून येतं तेवढंच तिकडून उलटं येतं. सकाळी तू खरं सांगितलं, कारण त्या आकड्यांचा अर्थ तुले ठाऊक नव्हता. दुपारी मी मूर्खासारखा आधीच अर्थ सांगून बसलो."

मंजुळाबाई पाटावर बसल्या. रडू इतकं आलं की पदर तोंडात धरावा लागला, बाहेर तो परका माणूस बसलेला.

"एक व्हती सुई," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे एक. मी खोटं बोलली. मले वाटलं, साहेबासमोर तुमची मान खाली जाईल. तुमच्याच हातचं निघालं असतं ते."

"माझ्याच हातचं आहे ते."

"तुमाले रंग नाही दिसला. त्यात तुमचा काय दोष?"

बोलून गेल्या आणि जीभ चावली. पण आता काय उपयोग? जे दिवाळीपासून दोघं जपत होते ते असं चुलीसमोर, उकळत्या चहापाशी सांडलं. नाना भिंत चाचपत खाली बसले. बसताना पहिल्यांदाच त्यांनी ते चाचपणं लपवलं नाही.

"दिवाळीची साडी," ते म्हणाले. "लाल व्हती का?"

"नाही."

"मग?"

"तपकिरी. तंबाखूवाणी."

"अन् तू पाडव्याले नेसली?"

"तुमी आणली म्हणून नेसली. मले आवडते आता ती."

नाना हसले. खरंच हसले, आणि हसता हसता त्यांचे ते निकामी होत चाललेले डोळे भरून आले. "बापा रे," ते म्हणाले, "मी समजून व्हतो की मी तुले फसवून राहिलो. किती वर्षं झाली आपल्या लग्नाले?"

"एकतीस."

"एकतीस वर्षं इतक्या जवळून पाहून राहिली तू, अन् मी समजलो तुले काही कळत नाही." त्यांनी हात पुढे करून तिच्या डोक्यावर ठेवला, जरा चुकून कानावरच पडला. "रागावू कसा तुझ्यावर? माझ्यासाठीच केलं तू. पण माझी मान म्हणजे एवढी काय मोठी गोष्ट, मंजुळे? बाहेर तो पोरगा बसला आहे. त्याच्या घरात काय व्हईल ते पाहा."

"तेच सांगायले येत व्हती मी. देवाशप्पथ."

"माहीत आहे. साखर सांडल्याचा आवाज आला मले."

मग उशीर केला नाही. प्रश्न एकच राहिला, पन्नास फूट चढणार कोण. नाना चढतो म्हणाले तेव्हा मंजुळाबाईंनी असा काही "खबरदार!" दिला की बाहेर झुलाल चहाचा कप ठेवून उभा राहिला. त्याला सगळं समजल्यावर तो म्हणाला, "हाई काय, नाना! मध काढाले याना दुप्पट उच्चा झाडवर चढस मी." आणि घोंगडी काढून ठेवली.

यंत्र बंद केलं. झुलालच्या कमरेला दोर बांधून दुसरं टोक नानांनी स्वतःच्या हातात घेतलं. वर पोचल्यावर मंजुळाबाईंनी खालून ओरडून विचारलं, डबा उघडल्यावर डाव्या खिळ्याला कोणती नळी आहे. "तपकिरी शे, आक्का!" उत्तर आलं. नानांनी मान हलवली. लाल डावीकडे हवी होती. झुलालनं दोन्ही सोडवल्या, अदलाबदल केली, आवळल्या, आणि खारीसारखा खाली आला.

यंत्र सुरू केलं. साक्षीदार जागेवरच होता. नानांनी दोर ओढायला घेतला, आणि सव्विसाव्या गाठीवर थांबले. त्यांचा श्वास मंजुळाबाईंना ऐकू येत होता.

"किती?"

"नऊ."

"खरं?"

"तुमची शप्पथ, नऊ! जरा वरच आहे." आणि त्या रडतच हसल्या, कारण काल हाच आकडा त्यांनी किती सहज फेकला होता, आणि आज तो सांगताना जीभ जड झाली होती.

छत्तिसाव्यालाही नऊ. मग खोलीत जाऊन नानांनी माईक उचलला आणि सावरपाड्याला हाक दिली. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळी खरखर न होता, शेजारच्या खोलीतून यावा तसा पुष्पाबाईंचा आवाज आला, "सावरपाडा बोलतंय! नाना, अहो किती दिवसांनी!" झुलाल यंत्राच्या पेटीकडे बघत राहिला आणि त्यानं पेटीलाच हात जोडले. मग एसटी गाठायला टेकडी उतरून पळत सुटला.

रविवारी दुपारी दोन वाजता पुष्पाबाईंनी गाडी मागितली. नानांनी शिरपूरला कळवलं. गाडी निघाल्याचं शिरपूरनं सांगितलं, आणि मग टेकडीवर नवरा-बायको दोघंही यंत्रापाशी बसून राहिले, भाकरी तिथेच आणली, ती खाल्ली गेली नाही. सूर्य मावळायच्या आत बातमी आली, शिरपूरच्या इस्पितळात झुलालला मुलगी झाली, पोर आणि आई दोघी सुखरूप आहेत. मंजुळाबाईंनी तिथल्या तिथे गुळाचा खडा नानांच्या तोंडात घातला.

त्याच बैठकीला नानांनी केंद्राची नोंदवही पुढे ओढली. "लिही," म्हणाले. मंजुळाबाईंनी पेन घेतलं. नाना सांगत गेले: कोणत्या गाठीला किती, साक्षीदार कुठे बांधला, दोष कोणता. मग: "वरच्या जोडीची उलटी जोडणी अश्विनात मी केली. मला लाल आणि तपकिरी रंग आता वेगळे दिसत नाहीत. वाचताही येत नाही. दुरुस्तीसाठी झुलाल यास माझ्या जबाबदारीवर वर चढवले. आकडे माझ्या पत्नीने वाचले."

"पत्नीनं खोटे वाचले, ते नाही लिहायचं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"ते घरचं आहे," नाना म्हणाले. "खात्याचा त्याच्याशी काय संबंध?"

सोमवारी सबनीस साहेब आले. वय असेल तिशीचं, पण माणूस समजूतदार. त्यांनी सावरपाड्याशी स्वतः बोलून पाहिलं, गाठींचा दोर हातात घेऊन दोनदा निरखला, कागदावरचे आकडे पाहिले आणि म्हणाले, "जीप घेऊन आठवडाभर हिंडलो असतो तरी मला हे सापडलं नसतं." मग नोंदवही वाचता वाचता थांबले. खोलीत तिघंच होते.

"नाना," साहेब म्हणाले, "ही मधली ओळ कशाला? दोष सापडला, निघाला. कुणी केला ते कोण विचारतंय? मी हे पान बदलून देतो."

मंजुळाबाईंनी नानांकडे पाहिलं. आत्ता 'बरं' म्हटलं की सगळं झाकलं जात होतं, सहा महिने, सन्मानानं. त्यांच्या मनात आलं, म्हणा बरं. आणि लगेच मनात आलं, नका म्हणू.

"राहू द्या साहेब," नाना म्हणाले. "उद्या माझ्या जागी येईल त्याला कळायला हवं, इथे काय चुकलं आणि कशानं चुकलं. अर्धीच नोंद ठेवली तर तो पुन्हा फसेल. आणि मला यापुढे वर चढायला कुणी सांगू नये, म्हणूनही राहू द्या."

साहेबांनी वही मिटली. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात डोळे दाखवून घ्या, मी चिठ्ठी देतो, म्हणाले. निवृत्तीपर्यंत नानांनी यंत्रापाशी बसायचं, वर चढायला माणूस पाठवतो, असंही म्हणाले.

तिघं बाहेर आले. टेकडीवरून क्वार्टर्सकडे उतरायला दगडाच्या ओबडधोबड चाळीसेक पायऱ्या. खाली नळावर बायकांची गर्दी होती, साहेब आले म्हणून सगळ्या वर बघत होत्या. साहेब पुढे निघाले. नाना पहिल्या पायरीच्या काठाशी आले आणि थांबले. पायानं कडा शोधू लागले, सापडली नाही, तसे ते सरळ उभे राहिले आणि मोठ्यानं, साहेबांना ऐकू जाईल, नळावरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मंजुळे, हात दे. मले पायरी दिसत नाही."

एकतीस वर्षांत चारचौघांत त्यांनी तिचा हात कधी धरला नव्हता. मंजुळाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, पुढे झाल्या आणि त्यांचा हात घट्ट हातात घेतला.